मागच्या खोलीचं कुलूप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, दादाजवळ नाही, लॅबमध्ये रोज माझ्या डब्यातली भाजी खाणाऱ्या मैत्रिणीजवळ तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. तसा तुमच्यावरही माझा पूर्ण विश्वास नाही. वाचताना तुम्ही कुठे मान हलवाल, कुठे "अगं, एवढंच?" म्हणाल, याचा अंदाज मी आत्तापासूनच घेते आहे. सवय आहे ती. मी लोकांवर नजर ठेवते. कमी बोलणाऱ्या मुलीकडे कुणी फारसं बघत नाही, त्यामुळे तिला सगळं दिसतं — निदान मला तसं वाटायचं.

आधी मासे सांगते. ते सोपं आहे.

चार वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून सहा कोरी आणले. कोरी म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे, मिश्या असलेले, तळाशी राहणारे मासे. पाण्याने फुगवलेली पिशवी मांडीवर धरून मी साताऱ्यापासून सांगलीपर्यंत एसटीत बसले होते. कराडला शेजारच्या बाईंनी "काय गं, खायाचं हाईत काय?" असं विचारलं तेव्हा मी नुसती हो म्हणून मान हलवली. पैदास करायची आहे, हे त्यांना सांगायला मला लाज वाटली असावी.

दोन फुटी टाकी मी मागच्या खोलीत मांडली. खाली खडी घालायची नाही, मिश्या झिजतात. म्हणून बारीक वाळू चाळून, सात पाण्यांत धुऊन घातली. स्पंजचा फिल्टर, बदामाची दोन वाळलेली पानं, काचेला चिकटवलेली एक पट्टी — पाणी किती खाली गेलं ते कळायला. या माशांना पाऊस आल्यासारखं वाटलं की ते अंडी घालतात. म्हणून दर चार दिवसांनी टाकीतलं एक तृतीयांश पाणी काढायचं आणि फ्रिजमधलं गार पाणी हळूहळू सोडायचं. मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत दोन-चार अंडी धरते, काचेपाशी जाते आणि ती तिथे चिकटवते. पुन्हा, पुन्हा. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते.

हे सगळं वाचून शिकले होते मी. इंग्रजीत. हे मुद्दाम सांगते आहे, पुढे लागेल.

मागची खोली माझी एकटीची नव्हती. दादा सैन्यात आहे. तो रजेवर आला की मी हॉलमध्ये झोपायचे आणि ती खोली त्याची आणि वहिनीची व्हायची. वहिनी लग्न होऊन दोनच महिन्यांपूर्वी आमच्या घरी आलेली. दादा नसताना ती आईजवळ झोपायची, पण तिचं कपाट मागच्या खोलीत होतं. माहेरचं, निळ्या रंगाचं, आरसा लावलेलं. कपाटाच्या शेजारी माझी टाकी.

वहिनी आटपाडीकडची. मला ती "वन्सं" म्हणायची, आणि मला ते आवडायचं नाही. माझ्या शाळेतल्या कुठल्याच मैत्रिणीला कुणी वन्सं म्हणत नव्हतं. पहिल्यांदा मी टाकीचं पाणी बादलीने मोरीत ओतलं, तेव्हा ती दारात उभी होती.

"आवं वन्सं! एवढं पाणी वतून टाकलं? आमच्याकडं दोन घागरीसाठी टँकरमागं पळावं लागतंय."

मी म्हटलं, घाण असतं ते. ती म्हणाली, "झाडास्नी चाललं असतं की." मग फ्रिजमधल्या बाटल्या बघून हसली. "माशांस्नी फ्रिजचं पाणी आन् आमास्नी माठातलं! चांगलं हाय."

आईपण हसली. मला मात्र तो टोमणा वाटला. टोमणा होता का? आज मला वाटतं, ती नुसती गंमत होती. पण त्या दिवशी मी मनात एक खूण केली.

आणि मग अंडी नाहीशी व्हायला लागली.

मी नऊला घरातून निघायचे, सहाला परत यायचे. सकाळी मोजलेली त्रेचाळीस अंडी, संध्याकाळी सहा. पुढच्या आठवड्यात एकतीस — संध्याकाळी एकही नाही. काच अशी स्वच्छ, की कुणी पुसून घेतली असावी. बाबा दिवसभर आष्ट्याला शेतावर. आई दुपारी भजनाला. मग घरात कोण उरतं?

तुम्ही म्हणाल, मासे स्वतःच खात असतील. हो. मी ते वाचलेलं होतं. चक्क वाचलेलं होतं! पण त्याच ठिकाणी असंही लिहिलं होतं की पोट भरलेलं असेल तर ते कमी खातात, आणि मी त्यांना भरपूर खायला घालत होते. तेव्हा ते माझ्या माशांना लागू नाही, असं मी ठरवून टाकलं. आणि गंमत बघा — वहिनीनेही मला तेच सांगितलं होतं. न वाचता. मी एकदा टाकीपुढे हताश बसलेली बघून ती म्हणाली, "वन्सं, हीच खात्यात. आमच्या आईची एक कोंबडी हुती, तिला आपल्याच अंड्याची चटक लागली. शेवटी आईनं तिला इकली. तुमचं मिशाळं त्यातलंच."

मी काय म्हणाले माहीत आहे? "वहिनी, दे आर नॉट हेन्स."

तिला ते समजलं नाही असं नाही. समजलंच. इंग्रजी मी कशासाठी वापरलं, तेही समजलं. ती कणीक मळायला गेली. आणि मी काय विचार केला? की ही माशांवर आळ घेते आहे, म्हणजे हिला काहीतरी लपवायचं आहे.

मग मी पुरावे गोळा करायला लागले. हसाल तुम्ही. निघताना टाकीच्या झाकणावर शिवणाचा पांढरा दोरा आडवा ठेवायचे. स्टुलाच्या पायांभोवती फरशीवर पेन्सिलीने बारीक रेघा काढायचे. संध्याकाळी आले की चप्पल काढायच्या आधी खोलीत. दोरा खाली पडलेला. स्टूल रेघांबाहेर. काचेवर बोटांचे ठसे — माझ्यापेक्षा रुंद बोटं, मी माझी लावून बघितली. म्हणजे कुणीतरी झाकण उचलत होतं, स्टुलावर बसत होतं, काचेला हात लावत होतं. सगळं खरं होतं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि हेच मला इतकी वर्षं छळतं आहे.

वहिनीला मी एका शब्दाने विचारलं नाही. विचारायला काय लागतं? "वहिनी, दुपारी खोलीत येता का?" एवढंच. पण समोरासमोर विचारायचं म्हणजे उत्तर ऐकावं लागतं. मी आईला सांगितलं. तेही वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेल्यावर, हळू आवाजात, दोऱ्याची आणि रेघांची हकीकत. पाण्यावरून तिला राग आहे, म्हणून ती अंडी पुसून टाकते, असं सांगितलं. आईने रविवारी दादाला फोनवर सांगितलं. दादाने वहिनीला फोनवर काय सुनावलं ते मला ठाऊक नाही. फोन संपल्यावर ती बराच वेळ मोरीत भांडी घासत होती. भांडी सकाळीच घासून झाली होती.

पुढच्या सोमवारी आईने दोन माणसं बोलावून निळं कपाट हॉलमध्ये आणलं आणि मागच्या खोलीच्या कडीला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे दिली. "तुझ्या वस्तू तू सांभाळ बाई, घरात कटकट नको." वहिनी कपाटाचा आरसा पदराने पुसत होती. ती फक्त माझ्याकडे वळून म्हणाली, "मला इचारायचं तरी हुतं, वन्सं."

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि बस पकडायला निघाले.

आता त्या सोमवारची संध्याकाळ. आत्तापर्यंत जे सांगितलं, ती एका संशयी मुलीची चूक म्हणून तुम्ही सोडून द्याल. माणसाला संशय येतो. खरी गोष्ट पुढची आहे. इथवर मी कितीदा लिहून खोडलं, ते सांगत नाही.

सकाळी टाकीत अडतीस अंडी होती. खिडकी आतून बंद होती. कुलूप आईने माझ्यादेखत लावलं होतं, मी ते दोनदा ओढून बघितलं होतं, आणि किल्ली दिवसभर माझ्याजवळ. संध्याकाळी मी कुलूप उघडलं. दोरा झाकणावर जसाच्या तसा. स्टूल रेघांच्या आत. काचेवर एकही ठसा नाही.

अंडी चार.

आणि मी बघत असतानाच सगळ्यांत जाड मादी — तीच, जिने सकाळी ती चिकटवली होती — काचेवर सरकत वर आली, मिश्यांनी चाचपलं आणि एक अंडं तोडून घेतलं. मग दुसरं. सावकाश. तिच्या मिश्या हलत होत्या.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "काय गं? आहेत का?"

भाकरी थापण्याचा आवाज थांबला. वहिनी थापत होती. त्या शांततेत ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, हे मला भिंतीपलीकडूनही कळलं. तिला उत्तर माहीतच होतं. कोंबडीचं तिनेच तर सांगितलं होतं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

मी म्हणाले, "आहेत. सगळी आहेत."

थोड्या वेळाने थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

ते तीन शब्द तरी नीट मोजून बोलले का मी? नाही. इतक्या सहज निघाले ते, की मीच चकित झाले. घाबरून बोलले असं लिहावंसं वाटतं आहे, पण त्या क्षणी मी घाबरले नव्हते. मला बरं वाटलं होतं. माझं खरं ठरलं, याचंच बरं वाटलं — ते खरं नाही हे डोळ्यांनी बघत असताना.

पुढच्या वेळी मी जुन्या एटीएम कार्डाने अंडी काचेवरून खरवडली आणि आइस्क्रीमच्या डब्यात वेगळी ठेवली, त्यात हवेची नळी सोडली. चौथ्या दिवशी पिल्लं निघाली. अकरा. शेपटी आणि दोन डोळे, एवढीच. शेजारच्या काकूंना आईने हौसेने बोलावून दाखवलं आणि वर सांगितलं, "कुलूप लावल्यापासून बघा कशी टिकली." काकूंनी हॉलमधल्या निळ्या कपाटाकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं, म्हणजे सगळं चुकीचं कळलं. मी डब्यावर वाकून पिल्लं मोजत राहिले. पुन्हा अकराच होती.

वहिनी त्यानंतर फोनवर बोलायला गच्चीवर जायची. एप्रिलमध्ये, दुपारी दोन वाजता, पाण्याच्या टाकीच्या वीतभर सावलीत उभी राहून. सुट्टीच्या दिवशी मी ते बघत होते. आधी ती कुठे बोलायची, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. सगळं दिसतं म्हणणाऱ्या मला.

उत्तर दादाने दिलं. तो रजेवर आला तेव्हा जेवताना म्हणाला, "हिच्यामुळं तुझे मासे मला रोज दुपारी बघायला मिळायचे. तिथं बर्फाशिवाय काही दिसत नाही ना. आमच्या बराकीत सगळ्यांना पाठ झाले होते ते. आता का गं पाठवत नाहीस?" शेवटचं वाक्य वहिनीला. तो विसरला होता, फोनवर तिला काय बोलला होता ते. सुनावणारे विसरतात. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. टाकीचं झाकण उचललेलं, काचेवर एक रुंद बोट, आणि मागून वहिनीचा आवाज: "ह्यो बघा तुमचा सुभेदार, मिशीला पीळ देऊन कसा बसलाय."

सगळे हसले. वहिनी भात वाढत होती. तिने माझ्या ताटातही वाढला, नेहमीएवढाच.

तेव्हा तरी सांगायचं होतं. चौघं समोर होती, तोंडात घास होता, दोन मिनिटांचं काम. मी म्हणाले, "छान आलाय व्हिडिओ."

दीड वर्षाने दादाला फॅमिली क्वार्टर मिळालं आणि वहिनी गेली. कपाटही गेलं. आता मागच्या खोलीत तीन टाक्या आहेत. साताऱ्याच्या दुकानदाराला मी कोरीची पिल्लं देते, लोक मला फोन करून विचारतात, ताई, अंडी टिकत नाहीत, काय करू? मी सांगते, लगेच बाजूला काढा, आईबापच खातात. किती सहज सांगते.

गेल्या दिवाळीत वहिनी आली होती. मी एकटी असताना तिला म्हटलं, "चला ना, टाक्या बघायला. आता मासे साठ झालेत." मला वाटलं, आत गेल्यावर बोलता येईल. खरंच वाटलं होतं की वाटल्याचं आज मी रचते आहे, कोण जाणे.

ती उठली, माझ्यामागून दारापर्यंत आली. उंबऱ्यापाशी थांबली. कडीकडे बघितलं, रिकाम्या. मग हसून — तेच हसणं, फ्रिजच्या बाटल्यांचं — म्हणाली, "आन् कुलूप कुठं गेलं, वन्सं?"

"हरवलं," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि दारातूनच परत फिरली.

कुलूप हरवलेलं नाही. ते माझ्या कपाटात, खालच्या खणात आहे. किल्लीसकट.