एकशे चाळीस लिटर जादा

तेराव्या दिवशी सकाळी कॅप्टन मोहन यांनी आम्हा तिघांना डेकवर बोलावलं.

"बोट जड चाललीय. कोणी काय जास्तीचं आणलंय? खरं बोला."

शिडाच्या बोटींची शर्यत होती, हिंदी महासागरात. आम्ही दुसरे होतो. मागच्या बोटीचं शीड आदल्या दिवशी ठिपक्याएवढं होतं, आता रंगासकट दिसत होतं. बोट अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखानदाराची. दुसरा नंबर गेला तर पुढच्या वर्षी बोट पाठवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मोहन उल्हासनगरचे सिंधी. शिडं सांभाळणारा म्हात्रे सोनिवलीचा. स्वयंपाक बघणारे शिंदे अंबरनाथचे, शिवमंदिराजवळ राहणारे. मी बदलापूरचा. माझ्याकडे वॉटरमेकर, म्हणजे खारं पाणी गोडं करणारं मशीन.

शर्यतीत प्रत्येक किलो वेग खातो. निघताना आम्ही टूथब्रशचे दांडेसुद्धा अर्धे कापले होते. झडतीत शिंदेंचा पापडांचा डबा सापडला. पापड सगळ्यांनी तिथेच खाल्ले. वजन अर्थातच बोटीतच राहिलं.

दुपारी वारा फिरला. अशा वेळी आतलं सगळं सामान वाऱ्याच्या बाजूला हलवतात, म्हणजे बोट कमी कलते. याला स्टॅकिंग म्हणतात. म्हात्रे माझी बॅग उचलायला वाकला आणि तसाच राहिला.

"काय रं, धोंडे भरलेस का?"

बॅगेत पाण्याच्या पस्तीस बाटल्या होत्या.

"मशीन आहे ना आपल्याकडे?" मोहननी विचारलं.

"आहे. पण बंद पडलं तर? पाणी आलं की भरून ठेवलेलं बरं."

बॅटरी वाचावी म्हणून मी मशीन दिवसाआड तासभर चालवत होतो. आमच्या सोसायटीतही पाणी असंच येतं. मशीन सुरू झालं की हात आपोआप बाटलीकडे जायचा.

मोहन ओरडतील असं वाटलं. ते आत गेले आणि नकाशांच्या टेबलाखालून दोन मोठे कॅन ओढत घेऊन आले.

"साईं, मी पण."

मग शिंदेंनी कुकरचं झाकण काढलं. तो गळ्यापर्यंत भरलेला होता. तीन दिवस खिचडी का मिळत नव्हती, ते कळलं.

"आणि तू रे, म्हात्रे?"

म्हात्रे समुद्राकडे बघू लागला. त्याच्या गादीखाली पिशव्या निघाल्या. गमबुटांतही पाणी होतं.

सगळं मिळून एकशे चाळीस लिटर. म्हणजे बोटीत दोन माणसं जास्त.

"ओता," मोहन म्हणाले. कोणी हललं नाही. ते स्वतःही हलले नाहीत.

"गोडं पाणी असंच ओतायचं?" शिंदे म्हणाले. "आंघोळी तरी करू."

आंघोळी झाल्या. कपडे धुतले. म्हात्रेनं चादरही धुतली. त्या चाळीस मिनिटांत शिडांकडे कोणी बघितलं नाही. नंतर बोट हलकी झाली, वेग परत आला.

चार दिवसांनी आम्ही तिसरे आलो. दुसऱ्या बोटीपेक्षा पंचवीस मिनिटांनी मागे.

मालक जेटीवर उभे होते. मोहननी सगळं खरं सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि चष्मा काढला.

"सगळं ओतलंत? एक कॅनसुद्धा ठेवला नाही?"

बोट पुढच्या वर्षीही गेली. माणसं निवडायचं काम माझ्याकडे आलं. पोहता येतं का, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?