सामान नाकारणारा प्रवासी

ज्यांनी मदत केली त्यांच्याविषयी आधी लिहितो. नाव घेणार नाही, असे मी पोलीस खात्याला लिहून दिले आहे. ते इकडे आखातात, देऱ्याच्या वस्तीतल्या एका खोलीवर स्वयंपाक करत. आमच्याच रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही चाचाच म्हणतो. ते नसते तर तीन माणसे गेली असती, आणि त्या तिघांनी पुढे आणखी किती जणांना नेले असते ते अल्लाला ठाऊक. नोकरीतली पुष्कळ प्रकरणे मी विसरलो. हे एक मात्र विसरायचे म्हटले तरी जात नाही.

माझे शिक्षण आठवी नापास. इथे आलो तो धक्क्यावर गलबतांचा माल उतरवायला. पुढे पोलिसांत ड्रायव्हर म्हणून लागलो. मराठी, हिंदी, उर्दू येत होती, अरबी ऐकून ऐकून शिकलो, म्हणून चौकशीच्या कामाला घेतले. निवृत्त होताना दंडावर पट्ट्या होत्या, खांद्यावर तारे नव्हते. पण आपल्या लोकांना मी साहेबच. या देशाने मला वर्दी दिली, मुलांना शिकवले. तरी भीती कायम असायची. माझा एखादा शब्द चुकला तर समोरचा माणूस आत जाईल, नाही तर मी घरी जाईन.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगतो, कारण सगळे प्रकरण तिच्यावरच फिरले. एका गावची दहा-बारा माणसे एका खोलीत राहतात. कोणी सुट्टीवर गावी निघाला की पंधरा दिवस आधीपासून बाकीचे त्याच्याकडे सामान आणून टाकतात. कोणाच्या आईचा चष्मा, कोणाच्या मुलाचे बूट, बाम, दुधाची पावडर. दाराला ताणकाटा टांगलेला असतो. जाणारा माणूस बडबडतो, शिव्या देतो, आपले दोन शर्ट काढून ठेवतो, पण सामान घेतो. नाही कोणी म्हणत नाही. उद्या आपल्यालाही कोणाच्या तरी हाती पाठवायचेच असते.

एका सोमवारी चाचांनी मला धक्क्यामागच्या चहाच्या टपरीवर बोलावले.

"साहेब, आमच्या खोलीतला तो एसीवाला. सुट्टीवर चाललाय म्हणतो. गुरुवारचं विमान."

"मग जाऊ दे की."

"सामान घेत नाही कोणाचं."

मी हसलो. "भांडण झालं असेल."

"भांडण झालं तर अबोला धरतो माणूस, सामान घेतोच. माझ्या बायकोच्या गुडघ्याचे पट्टे आहेत, एवढेसे. तेही नको म्हणाला. वर म्हणतो, चाचा, मला माफ करा. पट्टे न्यायचे नसतील तर शिवी देईल, माफी कशाला मागेल?"

"त्याचा स्वतःचा खोका?"

"वाटून टाकला. बहिणीच्या लग्नासाठी दोन वर्षं भरत होता. अत्तर मला दिलं. मी स्वयंपाकी माणूस, मी अत्तर कांद्याला लावू काय?" मग कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तो गावी जात नाहीये. कुठं जातोय ते तुम्ही बघा. त्याच्या बापाला मी शब्द दिलाय."

एसीवाल्याला मी ओळखत होतो. वय सव्वीस, हातात कसब, कोणाच्या अध्यात ना मध्यात. अलीकडे जेवताना कानात वायर घालून काहीतरी ऐकत बसायचा, फोन उशीखाली ठेवायचा, असे चाचांनी सांगितले.

इथे मी चूक केली. लगेच वर कळवायला हवे होते. पण कॅप्टनसाहेबांपुढे काय सांगणार, की एक माणूस गुडघ्याचे पट्टे नेत नाही? हसतील, ही लाज. म्हणून आधी खात्री करू म्हटले आणि मंगळवारी दुपारी ड्यूटीवरची सरकारी गाडी घेऊन त्या इमारतीखाली गेलो. चाचांना खाली बोलावले आणि गाडीला टेकून दहा मिनिटे विचारपूस केली. वरच्या खिडक्यांतून सगळी खोली बघत होती. इतकी वर्षे पोलिसात काढून मला एवढी अक्कल नव्हती.

एसीवाला त्याच संध्याकाळी खोली सोडून गेला. फोन बंद. बुधवारी सकाळी मी कॅप्टनसाहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळे सांगितले, माझ्या चुकीसकट. ते इथलेच, वयाने माझ्याहून लहान. हसले नाहीत.

"हजला जाणाऱ्याबरोबर लोक सलाम पाठवतात," ते म्हणाले. "तो नाही म्हणू शकत नाही. तसंच का हे?"

"तसंच, सर."

ते उठले. "मग हा माणूस परत यायला निघालेला नाही. यल्ला, चला."

विमान कंपन्यांच्या याद्या काढल्या. गुरुवारच्या मुंबईच्या यादीत त्याचे नाव कधी नव्हतेच. त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या एका देशाला जाणाऱ्या विमानात ते होते, आणि तिथून पुढे लढाई चाललेल्या मुलखाची सरहद्द लागते, ते आम्हाला माहीत होते. विमानात चढण्याच्या दारापाशी साध्या कपड्यातल्या दोघांनी त्याला गाठले. आरडाओरड नाही, बेड्या नाहीत. शेजारच्या बाईला वाटले, ओळखीचे भेटले.

चौकशीच्या खोलीत त्याने कोणीतरी पढवलेली उत्तरे आम्हाला दिली. फिरायला चाललो होतो. एकटाच. हॉटेल तिथे गेल्यावर बघणार होतो. चार वेळा विचारले, चारही वेळा शब्द तेच. खरे बोलणारा माणूस दर वेळी थोडा वेगळा बोलतो. कॅप्टनसाहेबांनी मला खूण केली आणि ते बाहेर गेले.

मी मराठीत सुरुवात केली. मारझोड नाही, आवाज चढवणे नाही. आधी त्याला जेवू दिले.

"आता खरं सांग. कशाला चालला होतास?"

त्याने ताट बाजूला सारले. मग म्हणाला, "दवाखान्यात. तिथं जखमी लोकांचे दवाखाने आहेत. एसी बंद, जनरेटर बंद. लहान मुलं मरतात. मला काम येतं, म्हणून बोलावलं. ह्यात गुन्हा काय?"

"गुन्हा नाही. कोणी बोलावलं?"

"भाई म्हणून आहेत एक. फोनवर बोलतात."

"बघितलंस कधी?"

"नाही."

"बरं. गॅसचं गेज कुठंय तुझं? तुझ्या बॅगेत दोन पँटी आणि टॉवेल आहे."

"तिथं मिळेल म्हणाले."

"एसीवाला दुसऱ्याच्या गेजवर भरवसा ठेवतो?"

मी पुढे विचारले, "निघण्याआधी काय काय करून घेतलं तुझ्याकडून?"

"पासपोर्टचे फोटो. आणि घरच्यांना एक पत्र. ते नंतर पोचवणार आहेत."

"काय लिहिलंस?"

तो सांगू लागला. अब्बा, अम्मी, माझ्यासाठी रडू नका. माझी कोणाकडे काही उधारी नाही. बहिणीला सांगा... एवढे बोलून तो थांबला. स्वतःच्याच तोंडून ते पत्र त्याने पहिल्यांदा ऐकले असावे.

मी एवढेच विचारले, "कंप्रेसर बदलायला चाललेल्या माणसाकडून असं पत्र कोण लिहून घेतो रे?"

तो ओंजळीत तोंड घेऊन बसला. त्यानंतर मला काही विचारावे लागले नाही. त्याच आठवड्यात आणखी दोघे निघणार होते, वेगवेगळ्या विमानांनी. एकाचे नाव त्याला ठाऊक होते, दुसऱ्याचा नंबर. दोघेही सापडले. त्यातल्या एकाला दवाखान्याचीच थाप दिलेली होती. दुसऱ्याला नव्हती, त्याला सगळे माहीत होते. त्याच्याविषयी मला इथे लिहिता येणार नाही. 'भाई' मात्र हाती लागला नाही. तो नंबर दुसऱ्याच कुठल्या देशातला होता.

या देशात कॅमेरे आहेत, डोळ्यांची बुबुळे तपासणारी यंत्रे आहेत, चांगले अधिकारी आहेत. ते हवेतच, मी त्यांच्याच जिवावर निर्धास्त झोपतो. पण यंत्र बॅगेत काय आहे ते बघते. बॅगेत काय नाही ते चाचांनी पाहिले. त्या भाईने सगळा विचार केला होता, फक्त कोकणातला माणूस गावी निघताना रिकामा दिसला तर किती उठून दिसतो, ते त्याला कोणी सांगितले नव्हते. दहशतवाद म्हटले की आपल्याला स्फोट आठवतो. मला त्याच्या आधीचे आठवते. एकटा पडलेला माणूस आणि त्याच्या कानातला एक गोड आवाज. तिथे आधी पोलीस पोचत नाही, शेजारच्या खाटेवरचा पोचतो. तो कधी बोलेल? तर आपण बोललो तर सगळ्या खोलीवर संकट येणार नाही, अशी त्याची खात्री असेल तेव्हा. ती खात्री देणे आमचे काम होते. माझ्या हातून ते झाले नाही.

कॅप्टनसाहेब म्हणाले होते, "त्या स्वयंपाक्याला आण, मला त्याचे आभार मानायचे आहेत." मी म्हटले, "बोलावलं तर नाव फुटेल, सर." पण नाव कधीच फुटले होते, माझ्याच गाडीपाशी. एसीवाल्याला काही महिन्यांनी समज देऊन गावी पाठवले. त्याच्यावर मोठा खटला झाला नाही. खोलीला एवढेच कळले की पोलीस आले, चाचा त्यांच्याशी बोलले आणि आपला माणूस गेला. लोकांनी त्यांच्या हातचे जेवण बंद केले. रस्सा भरलेली पातेली तशीच राहायची. मी एकदा गेलो, साध्या कपड्यात, लांब गाडी लावून. चाचा म्हणाले, "साहेब, तुम्ही आता येऊ नका. आलात की अजून वाढतं." रागावून नाही, थकून म्हणाले. व्हिसा संपला तेव्हा त्यांनी नवा मागितला नाही.

गावातही तीच कुजबूज आहे, असे ऐकतो. एसीवाल्याचे लग्न झाले, रस्त्यावर दुकान आहे, दोन मुली आहेत. आपण जिवंत कोणामुळे आहोत ते त्याला माहीत नाही. चाचा समोरून आले तर तो मान फिरवतो.

नोकरीत असताना मला तोंड उघडता येत नव्हते. आता इथल्याच उम्म अल कुवैनमध्ये मुलाच्या घरी असतो. नात विचारते, "दादा, वेअर यू रिअल पोलीस?" हो म्हणतो, आणि उरलेला दिवस जड जातो. हे लिहायला खात्याची परवानगी मिळाली, तशी गावी बोलायलाही मागितली आहे. मिळाली की, चाचा, मी तुमच्या गावी येईन. जुम्म्याच्या नमाजानंतर जमातीसमोर उभा राहून सांगेन की तुम्ही कोणाला पकडून दिले नाही, एका बापाचा मुलगा परत आणलात, आणि गाडी खाली लावणारा मूर्ख मी होतो. तुमचे उपकार त्याने फिटणार नाहीत. पण तेवढे तरी, इन्शाल्ला, मी जिवंतपणी करीन.