सुमिएबाईंनी वळवलेले बूट

जपानमधल्या ओनोमिची शहराच्या चढावर सुमिएबाई केस कापायचं, दाढी करायचं दुकान चालवत. लस घेतल्यानंतर त्यांच्या उजव्या हाताची पकड गेली आणि दुकान बंद पडलं. दोष लशीचाच, असं त्या म्हणतात. डॉक्टरांचं एकमत नाही. सुमिएबाईंनी पालिकेवर भरपाईचा दावा लावला.

परवा पालिकेतला हिदेमासा मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या घरी आला. मी शेजारीण, तिथेच बसले होते.

"काकू, हा ठेवून घ्या आणि दावा सोडा. हराल."

"हरेन की. लहानपणी केस कापतानाही तू असाच वळवळायचास."

"मग हट्ट कशाला?"

"लशीमुळे झालं नाही, असं न्यायाधीशांनी तपासून सांगावं. मी वाकून नमस्कार करीन आणि घरी येईन. मिठाई खाऊन मात्र गप्प बसणार नाही."

तो समजावतच राहिला. पाहुणा निघाला की आम्ही त्याचे बूट दाराकडे तोंड करून ठेवतो. त्याचा चहा अजून वाफाळत होता, तरी सुमिएबाई उठल्या आणि उजव्याच हाताने त्याचे बूट वळवू लागल्या. एक निसटला. मी मदतीला उठले, तर त्यांनी मला नजरेनेच बसवलं. तो बूट त्यांनी पुन्हा उचलला, नीट ठेवला आणि शेजारी मिठाईचा डबा ठेवला.