जाफन्याला डबलसीट

आमच्या घरात गेले दोन महिने अंतर पळस्प्यात मोजलं जातं. नात म्हणते, "आजी, पहिल्या दिवशी बोटीतून उतरल्यावर वीसच किलोमीटर आहे," की मी मनात म्हणते, म्हणजे घरापासून पळस्पे फाट्यापर्यंत जाऊन-येऊन दोन वेळा. एवढं तर मी भाजी विसरले म्हणूनही करीन. तिसाचा आकडा आला की मात्र तीन पळस्पे होतात, आणि मी विषय बदलून चहा टाकते.

ही नात म्हणजे मुलीची मुलगी. खारघरला कॉलेजात शिकते, आणि शनिवार-रविवार आमच्याकडे जेवायला आणि आम्हाला सुधारायला येते. बेत तिचा आणि माझा. रेल्वेने तामिळनाडूत नागपट्टिणमला जायचं, तिथून बोटीने चारेक तासांत श्रीलंका. ज्या बंदरात उतरायचं त्याचं नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. तिथून सहा दिवस सायकलवर जाफना आणि आसपासची बेटं. तिकडे चढ नाही म्हणे. बेटांकडे जाणारे रस्ते थेट उथळ पाण्यातून गेलेत. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, आमचे हे चौऱ्याहत्तर. पासपोर्ट दोघांचेही कोरे, कपाटात कापूर घालून ठेवलेले.

खरं सांगायचं तर सायकलवाले हे. मी नव्हे. पण दोन वर्षांपूर्वी यांना काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसतं, कडा मात्र आत आत सरकत येतात. बाजारात एका नारळवाल्याच्या टोपलीवर सायकल घातली, तेव्हा आम्हाला कळलं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत यायचं नाही, आहे ते थेंब टाकून जपू, किती दिवस ते सांगवत नाही. त्या दिवशी घरी येऊन यांनी सायकल बाल्कनीत लावली, आणि आठवड्याने तिच्यावर स्वतःच टॉवेल वाळत घातला. मला ते टॉवेल बघवेनात.

त्याला कारण आहे. लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा हे म्हणाले होते, "चल, सायकलवर अलिबागला जाऊ." पनवेलहून उरण, पुढे करंजा, तिथून तरीने, म्हणजे होडीने, खाडी ओलांडून रेवस, आणि मग रमतगमत अलिबाग. तेव्हाची मी म्हणजे बावीस वर्षांची महाराणी. दोन दिवसांच्या सहलीला चार साड्या, लोणच्याची बरणी, आणि पावडरचा डबा. सगळी पिशवी मांडीवर घेऊन कॅरियरवर डबलसीट बसले. करंज्यापर्यंत यांनी मला ओढत नेलं, आणि मी वाटेत तीनदा विचारलं की अजून किती.

करंज्याला ओहोटी होती. तरीपर्यंत थोडं चिखलातून चालायचं होतं. मी धक्क्यावर बसले आणि जाहीर केलं, ही साडी नेसून मी चिखलात उतरणार नाही. तरीत बसलेली एक कोळीण म्हणाली, "अगो बाय, पानी गुडघ्यापरत पन नाय. ये, आमी हाय ना." मी मान फिरवली. होडी निघून गेली. आम्ही तिथेच डबा खाल्ला आणि परत आलो. वर मीच चार दिवस अबोला धरला, जणू खाडीतलं पाणी यांनी सोडून दिलं होतं. पुढे नोकरी, मुलगी, सासूबाईंचं आजारपण. यांनी मला सायकल शिकवली तीही बावन्नाव्या वर्षी, कॅरियर धरून मागे पळत. पण सहलीचं नाव परत कधी काढलं नाही.

म्हणून मी नातीला सांगितलं, सायकल आणि बोट दोन्ही असेल असं काहीतरी शोध, आणि जरा लांबचं शोध. भरपाई करायची तर जवळ कशाला. तिने जाफना शोधलं, आणि तिच्या सायकल ग्रुपमधल्या सरांकडून दोन सीटांची एक लांबलचक सायकलही आणली. ती मधोमध उघडते आणि खोक्यात मावते. पुढे मी, मागे आजोबा.

तिथेच घोडं अडलं.

"मागे ठेवायला मी काय पोतं आहे?" हे म्हणाले.

"मी बसत होते तेव्हा मी पोतं होते का?"

"तू हलकी होतीस."

"आजोबा, मागेही पॅडल आहेत," नात म्हणाली. "बसून खायचं नाहीये."

"तुम्ही दोघी जा," हे शांतपणे म्हणाले. "मला फोटो दाखवा. फोटो समोर धरला की पूर्ण दिसतो."

ते चिडून म्हणाले असते तर मी भांडले असते. पण ते चिडले नव्हते.

तीन रविवार सकाळी मी खारघरच्या रुंद रस्त्यांवर नातीला मागे बसवून सराव केला. हे फुटपाथवर थर्मास घेऊन उभे राहायचे आणि सूचना द्यायचे. "ब्रेक दोन्ही दाब." "खांदे सैल सोड, पोळ्या लाटत नाहीयेस." पहिल्या रविवारी मी बेलपाड्याच्या बाजूला एका झुडपात शिरले. नात हसत उठली. यांनी आधी माझा गुडघा पाहिला आणि मग सायकलचा.

चौथ्या रविवारी नातीची परीक्षा होती. आम्ही दोघंच आलो. सायकल स्टँडवर लावून मी यांच्याशेजारी फुटपाथवर बसले. चहा ओतला. म्हटलं, आता बोलून टाकावं.

"करंज्याला चिखल फार नव्हता," मी म्हणाले.

"नव्हताच."

"साडीचंही काही नव्हतं. मला पाण्याची भीती वाटली होती. होडी हलत होती."

"ठाऊक होतं मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"चार दिवस तू बोलत नव्हतीस. बोलणार कुणाशी?" चहाचा घोट घेऊन म्हणाले, "मी हात धरायला हवा होता. मीही चिडून सायकलच्या साखळीत डोकं घालून बसलो."

एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. मी फक्त माझाच हट्ट लक्षात ठेवला होता.

"आता मला भीती आहेच," मी म्हटलं. "बोटीचीही आणि पुढे बसायचीही. मागे तुम्ही असाल तर जाईन. नाहीतर नाही जायचं मला, नातीबरोबरसुद्धा नाही."

हे उठले, सायकलचं मागचं सीट दोन बोटं खाली घेतलं आणि बसले.

पहिली शंभर पावलं आमचे पाय जुळेनात. मग जुळले. हे गप्पच. मला वाटलं, रुसले. विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. बघतोय."

"काय बघताय, माझी पाठ?"

"तुझी पाठ समोर आहे. मी बाजूला बघतोय. मान वळवून बघता येतं, रस्त्याचं तू बघतेस म्हटल्यावर." मग थोड्या वेळाने, "डावीकडच्या टाकीवर बगळा बसलाय. तिसऱ्या मजल्यावर एक बाई कुत्र्याला दात घासून देतेय. बघू नकोस तू, समोर बघ."

पुढचा सगळा रस्ता यांनी मला वाचून दाखवला. मी इतकी हसत होते की पुन्हा झुडूप लागलं असतं. नेहमीच्या चौकात मी वळायला लागले, तर मागून आवाज आला, "सरळ घे."

संध्याकाळी नात आली, तेव्हा हे जेवणाच्या टेबलावर तिचा बेताचा कागद घेऊन बसले होते. तेव्हा मला कळलं की तिने गुपचूप प्रत्येक दिवसापुढे लिहून ठेवलं होतं, आजोबा रिक्षाने. यांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांसमोर बरोबर मधे धरला, आणि एकेक करून ते शब्द खोडले. पाचव्या दिवसावर मात्र पेन थांबलं. अंतर दोनदा वाचलं.

"या दिवशी रिक्षा राहू दे," नातीला म्हणाले. "आजीला लिही. ती दमेल."