जाऊबाईंचे गाळे

थोरल्या जाऊबाईंनी मलकापूरला दुकानाचे दोन गाळे घ्यायचं काढलं, तेव्हा माझ्या पोटात असं काही जळलं की विचारू नका. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही अमडापूरकडच्या खेड्यातले, कापूस पिकवणारे. पण मलकापूर माझं माहेर! वडील गेले, भाऊ बिऱ्हाड घेऊन दुसरीकडे गेला, तरी स्टेशनाजवळची ती गल्ली माझीच. आणि तिथलं भाडं खाणार कोण, तर ही! मी नवऱ्याला चारदा म्हटलं होतं, "आपणच घेऊ ना जी." त्यांचं एकच, "पाहू." त्यांचं पाहणं होईस्तोवर भासऱ्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्यानं, बोलणी केलीसुद्धा.

पैसे कमी पडले तर जाऊबाईंनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. म्हातारपणी भाडं येत राहील, म्हणाल्या. त्या पाटल्यांवरही माझा डोळा होता, खोटं कशाला बोलू?

एक दिवस भाकरी थापता थापता त्यांनी विचारलं, "तू त्या गल्लीतली वं बाई. कशी हाये जागा? काही असन तं सांग."

मला ठाऊक होतं. गाळ्यांच्या मागं नाला आहे, आणि पावसाळ्यात तो आत शिरतो. लहानपणी आम्ही पोरी त्याच गाळ्यांत गुडघाभर पाण्यात उभ्या राहून परकर भिजवायचो.

मी म्हटलं, "टेसनाच्या रस्त्यावर हाये बाई. भाडं चांगलं येईन."

यात एक शब्द खोटा नव्हता.

आमच्या लोकांची एक खोड आहे. कापूस विकून हात मोकळा होतो उन्हाळ्यात, म्हणून जागा पाहायची तीही उन्हाळ्यातच. इसार देण्याआधी घेणारा चारी बाजूंनी फिरतो आणि शेजाऱ्यांना मोठ्यानं विचारतो, "काही उणंदुणं असन तं आताच बोला." इथं शेजारी विकणाऱ्याचेच चुलतभाऊ. ते कशाला बोलतात! नाला ठणठणीत कोरडा, त्यात पोरं गोट्या खेळत होती. भासरे खूश होऊन घरी आले.

पहिल्याच पावसाळ्यात भाडेकरूची सरकीची ढेप भिजली, फुगली, घाण सुटली. बातमी आली तेव्हा मी तोंडानं "अरे देवा" म्हटलं आणि मनातल्या मनात साखर वाटली. चार वर्षांत तीन भाडेकरू पळाले. बाईंच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. ते पाहून मला बरं वाटायचं, मग वाईट वाटायचं, मग त्या शांतपणे ताक घुसळताना दिसल्या की पुन्हा राग यायचा.

शेवटी गाळे विकायला काढले. साखरखेर्ड्याचे नवरा-बायको पाहायला आले, तेही उन्हाळ्यात. आम्ही घरचे सगळे गेलो होतो. भासऱ्यांनी भिंतींना नवा चुना मारून घेतला होता. त्या माणसानं फेरी मारून विचारलं, "काही उणंदुणं?" भासरे मिशीवरून हात फिरवत राहिले.

बायका अशा वेळी तोंड उघडत नसत. बाई पदर सावरून पुढं झाल्या. "पावसाळ्यात गुडघाभर पाणी शिरते, भाऊ. चुना कालचा हाये. पाहून-समजून घ्या."

झालं! माणूस निम्म्या भावावर आला. भासऱ्यांना तोच मान्य करावा लागला. पाटल्या काही परत होणार नव्हत्या.

परतताना मला राहवेना. "काऊन सांगितलं बाई? त्याले काय सपन पडलं असतं?"

"मी तुले विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "तू नाही सांगितलं. मनाले कसं लागते ते मले माहीत हाये."

मी विचारलं, "तुम्हाले कधी समजलं?"

"पहिल्या पावसातच. तुह्या गल्लीतल्या एका म्हातारीनं सांगितलं, इथं तं पोरी खेळायच्या म्हणे पाण्यात. तुहंच नाव घेतलं."

"मंग बोलल्या काऊन नाही?"

"एका चुलीवर जेवतो आपण. बोलून जाऊ कुठं?"

दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मीही चार दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. पण ही बाई सगळं माहीत असून चार वर्षं मला रोज गरम भाकरी वाढत होती. माझ्यानं असं एक दिवसही झालं नसतं. मेलं, त्याचाही मला हेवाच वाटला.