सवतीचा टाक

गिऱ्हाईक भांडायला लागलं की लक्ष्मण सोनार तोंडात फुंकणी धरत. मग कितीही बोला, उत्तर नाही. नुसते फुगलेले गाल आणि शेगडीतला लाल निखारा. निजामाच्या राज्यात आमच्या लोहाऱ्यात भांडणारी गिऱ्हाइकं काही कमी नव्हती. कुणाला तहसीलदारणीसारखी ठुशी हवी असे, पण तिची नक्कल केलेली कळायला नको. सोनार ऐकून घेत आणि मागाहून म्हणत, "सोनं चिमट्यात धरता येतंय. मन कशात धरावं?"

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती सवतीपायी. मला बिजवराला दिलेली. पहिली बाळंतपणात गेली होती. आमच्यात दुसरीनं पहिलीचा टाक, म्हणजे तिची मूर्ती उठवलेला चांदीचा पत्रा, गळ्यात घालायची रीत. तो गळ्यात पडेपर्यंत मला चूल आणि देवघर बंद, हा सासूबाईंचा कायदा. मी सोप्यात बसून ताट यायची वाट बघायची. पाहुणीला तरी कुणी बोलतं. माझ्याकडं कुणी बघतही नसे.

इतरांना कुठल्याही बाईची आकृती चाले. सासूबाईंना त्यांचीच सून हवी होती. कशी दिसायची, असं सोनारांनी विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, नाक सरळ. आमच्या मालकांना काही सांगता येईना. ती कायम मान खाली घालून असायची म्हणे. शेजारीण म्हणाली, तोंडावर देवीचे व्रण होते. फोटोचं नावच नको. टाक झाला की सासूबाई उजेडात धरत आणि म्हणत, ही न्हवं. सोनार मुकाट्यानं परत नेत. मला त्यांचा राग यायचा. जमत नाही असं एकदा साफ सांगावं की!

एके दिवशी ते टाक घेऊन आले, पण सासूबाईंच्या हातात देईनात.

"आक्का, आदी सुनंच्या गळ्यात घाला. मग काय ते बोला."

सासूबाईंनी नाइलाजानं दोरा माझ्या गळ्यात बांधला. टाक नखाएवढा, त्यांची नजर अधू. त्या अगदी जवळ वाकल्या. बघता बघता त्यांची नजर टाकावरून माझ्या तोंडावर आली आणि तिथंच थांबली.

"डोळं का सुजल्यात गं तुजं?"

मला हुंदका आवरेना.

"नाक जमलंय का, आक्का?" सोनारांनी विचारलं.

"असू द्या," त्या म्हणाल्या आणि मला हाताला धरून चुलीपाशी घेऊन गेल्या.

रझाकारांच्या धामधुमीत सोनारांनी बिऱ्हाड बार्शीला हलवलं. निरोप घ्यायला आले तेव्हा मी विचारलं, शेवटचा टाक बरोबर कसा काय उतरला?

"शेवटचा कुठला, सूनबाई? पयला परत केल्याला, त्योच त्यो."

ते बार्शीतच वारले. सासूबाईंना मी हे कधी सांगितलं नाही. आल्यागेल्याला त्या माझा टाक दाखवत. "नाक बघा," म्हणत, "हुबेहूब तिचंच." मी मान वर करून उभी राहत असे.