वाळूवरचं हर्लिंग

नव्या माणसाशी हात मिळवला की आमचे साहेब तो लगेच सोडत नसत. मनगट उलटसुलट करून बघत आणि विचारत, "कधी काठी धरली आहेस?" दुबईच्या जबल अली बंदरातल्या ऑफिसात मी रुजू झालो त्या सकाळी माझंही मनगट तपासून झालं. "हे पुस्तक धरणारं मनगट," ते म्हणाले. तेव्हापासून मी त्यांचा 'प्रोफेसर'.

ते आमच्या गोदामांचे मॅनेजर होते. आयरिश, साठीकडे झुकलेले, एकटे. नव्वदच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या देशाच्या काही इंजिनिअर-शिक्षकांनी मिळून इथे एक क्लब काढला होता. त्यात दोन खेळ. एक हातापायांनी खेळायचा गेलिक फुटबॉल आणि दुसरा हर्लिंग. हर्लिंग हे हॉकीचं चुलत भावंड म्हणा. पण त्यात चेंडू बराच वेळ हवेत असतो आणि काठ्या माणसांच्या कानांजवळून फिरतात. गोलपोस्ट आमच्या वर्कशॉपने स्कॅफोल्डिंगच्या पाइपांचे जोडून दिले होते. मैदान म्हणजे दाबलेली वाळू. पडलं की कोपरं सोलून निघत.

माझा संबंध काठ्यांपुरता. दर हिवाळ्याआधी ॲश नावाच्या लाकडाच्या काठ्यांचा गठ्ठा आयर्लंडहून विमानाने येई आणि मी क्लिअरिंगमध्ये असल्यामुळे तो सोडवून आणत असे. एका वर्षी कस्टमच्या अधिकाऱ्याने तो अडवला.

"हे हत्यार आहे."

"खेळ आहे, हबीबी," ते म्हणाले.

"मग खेळून दाखव."

शेडबाहेर जाऊन त्यांनी चेंडू असा मारला की तो कंटेनरच्या रांगेपलीकडे दिसेनासा झाला. अधिकारी तिकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला एकदा मारू दे." त्याची काठी बराच वेळ नुसती हवेत फिरली, पण शिक्का मिळाला.

इथल्या हवेत ते लाकूड वाळून तडकतं. म्हणून ते काठ्यांना जवसाचं तेल चोळत आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून आपल्या बाथरूममध्ये उभ्या करत.

"सर, मग तुम्ही आंघोळ कधी करता?"

"आधी त्यांची," ते म्हणत.

माणसांना मात्र असं जपून ठेवता येत नव्हतं. काँट्रॅक्ट संपलं की व्हिसा रद्द. व्हिसा रद्द झाला की खलास, माणूस विमानात. तुम्हीही असे भरलेले क्लब रिकामे होताना पाहिले असतील. फुटबॉलला नवी माणसं मिळत, तो सुट्टीच्या थोड्या शुक्रवारांत शिकवता येई. हर्लिंग लहानपणीच हातात बसावं लागतं.

शेवटच्या वर्षी हर्लिंगचे आठच जण उरले. बहारीनला आखातातल्या क्लबांची स्पर्धा होती आणि संघ नऊ जणांचा हवा होता. क्लबची सेक्रेटरी, शाळेत शिकवणारी एक तरुण मुलगी, स्पष्टच म्हणाली, "संघ गेला नाही, तर हर्लिंग बंद. फुटबॉल तेवढा ठेवू."

"नववा मी," ते म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. त्यांच्या फुप्फुसात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी ताबडतोब मायदेशी जायला सांगितलं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुम्ही घरी जायला हवं."

"जाईन. स्पर्धा झाली की, इन्शाल्ला."

"इथे इन्शाल्ला म्हणजे नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

ते मोठ्याने हसले. हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना.

तिकडे त्यांची बहीण वाट बघत होती. तिचे फोन मी घेत असे. "मीटिंगमध्ये आहे म्हणून सांग," ते खुणावत. मी दरवेळी तेच सांगत होतो. एकदा ती म्हणाली, "त्याला सांगा, जिना नको म्हणून खालची खोली रिकामी केली आहे." मी निरोप दिला. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "प्रोफेसर, गोदामं काय, कुणीही चालवेल. मी आत्ता गेलो, तर या देशात माझं मागे काय उरतं?"

बहारीनला त्यांना गोलात उभं केलं होतं. खेळ दुसऱ्या टोकाला असला की ते गोलपोस्टला धरून बसत, असं सेक्रेटरीने मला सांगितलं. संघ सगळे सामने हरला. पण उतरला, म्हणून हर्लिंग त्या वर्षापुरतं वाचलं.

परतल्यावर त्यांनी तिकीट काढलं. एअरलाइनने प्रवासाला योग्य असल्याचा दाखला मागितला आणि डॉक्टर तो देऊ शकले नाहीत. काही आठवड्यांनी ते दुबईतल्या हॉस्पिटलातच वारले. बहिणीला फोन मी केला. स्पर्धेसाठी ते थांबले होते, हेही सांगितलं. तिने विचारलं, "निदान जिंकले का?" मी खरं ते सांगितलं.

पुढच्या मोसमात क्लबने फक्त फुटबॉल ठेवला.

त्यांच्या गावाकडे शवपेटीमागून क्लबचे लोक पायी चालत जातात. इथे पेटी कार्गो टर्मिनलवर फोर्कलिफ्टने आत जाते. कागदपत्रं मी केली होती. पेटीवर क्लबची जर्सी पसरून क्लबचे सारे उन्हात उभे होते. फोर्कलिफ्टचा पठाण ड्रायव्हर मला म्हणाला, "दो मिनट में अंदर कर देता हूँ, साब."

"भाई, आहिस्ता. इनके यहाँ पीछे पैदल चलते हैं."

त्याने पेटीकडे पाहिलं. "हमारे यहाँ भी," तो म्हणाला.

फोर्कलिफ्ट चालत्या माणसाच्या गतीने निघाली. खजुरांच्या खोक्यांमधून, टीव्हीच्या पेट्यांमधून सगळे मागोमाग गेले. पिवळ्या रेघेपाशी सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. तिथून पुढे कुणालाच परवानगी नव्हती.

आता मागे कुणी चालत नव्हतं. तरी ड्रायव्हरने वेग वाढवला नाही.